नवरा-नवरी फिरवण्याचा धंदा

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी 'मंडप-डेकोरेशन' असं सांगून मोकळा होतो. खरं उत्तर 'नवरा-नवरी फिरवतो' हे आहे. पण ते एकदा दौलताबादच्या रस्त्यावर नाकाबंदीत एका हवालदाराला सांगून बसलो आणि त्यानं आमचा टेम्पो बाजूला घ्यायला लावला. शेवटी माझे भागीदार रफिकभाई यांनी मोबाईलवर एका लग्नाचा व्हिडिओ दाखवला. हवालदारानं तो शेवटपर्यंत पाहिला आणि मेहुणीच्या लग्नाची तारीख मोकळी आहे का, ते विचारून आम्हाला सोडलं.

लॉन्सवरच्या लग्नात हार घालून झाले की नवरा-नवरीच्या पायाखालचं स्टेज हळूहळू फिरायला लागतं, कडेनं ठिणग्यांची कारंजी उडतात, पांढरा धूर सोडतात आणि डीजेवाला एकदम हळवं गाणं लावतो, ते तुम्ही पाहिलं असेल. ते फिरतं स्टेज आमचं. आम्ही त्याला चाक म्हणतो. चाक फिरताना सगळे वर बघतात. खाली, प्लायवुड आणि जमीन यांच्या मधल्या फटीत एक माणूस रेग्युलेटर घेऊन कुशीवर पडलेला असतो, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. तो माणूस मी. चाकाला फिरवणारं रबरी चाक कधी घसरेल याचा नेम नसतो, त्यामुळे त्याच्या उशाशी कुणीतरी लागतंच. आता गुडघे आणि पाठ यांनी एकमतानं नकार दिल्यामुळे मी वर आलोय आणि रफिकभाईंचे जावई खाली गेलेत.

तर मी लग्नं खालून पाहिली. कडेच्या झालरीतून पाय दिसायचे आणि फळीतून बोलणं ऐकू यायचं. हार घातल्यावर नवरा-नवरी एकमेकांच्या कानात काय बोलत असतील याबद्दल तुमच्या मनात काही गोड कल्पना असतील तर त्या तशाच राहू द्या. मी ऐकलंय त्यात 'हार टोचतोय', 'भूक लागलीय' आणि 'तुझ्या आत्याला सांग, शालूवर पाय देऊन उभी आहे' हेच जास्त.

मी मूळचा फिजिक्सचा. बीएस्सी झालो आणि एका कॉलेजात प्रॅक्टिकलं घ्यायला तासिका तत्त्वावर लागलो. लंबक लोंबकळत ठेवायचा, पोरांना त्याचे झोके मोजायला लावायचे, पोरांनी ते न मोजता शेजाऱ्याचे उतरवून घ्यायचे, असं काही वर्षं चाललं. मग तासिका आटल्या. पडेगावला रफिकभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं, तिथं मी चहाला जायचो. त्यांच्याकडे एका शोरूमनं गाडी फिरती ठेवण्यासाठी चाक बनवायला दिलं आणि मग शोरूमच उघडलं नाही. चाक पडून राहिलं. रफिकभाई म्हणाले, जे गाडी पेलतं ते नवरा-नवरीही पेलेल. हिशेब बरोबर होता, फक्त गाडी एका जागी उभी राहते आणि नवरा-नवरीबरोबर नातेवाईक येतात, हे आम्ही दोघांनी धरलं नव्हतं.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी. वडील, म्हणजे नाना, यांनी उभ्या हयातीत असंख्य लग्नं लावली. मुलगा लग्नाच्या धंद्यात उतरला म्हणून त्यांना आधी बरं वाटलं, मग चाक पाहिल्यावर ते वाद घालायला लागले. त्यांचं म्हणणं असं की मंगलाष्टकांना वधूवरांच्या तोंडाच्या दिशा ठरलेल्या असतात आणि तुझ्या चाकावर नवरदेव दाही दिशांना तोंड करून येतो, मग मी कुठल्या दिशेचं लग्न लावलं असं समजायचं? शेवटी तह झाला. अंतरपाट दूर होऊन हार पडेपर्यंत चाक जागचं हलायचं नाही. त्यानंतर ते माझ्या ताब्यात. पुढे सगळ्याच गुरुजींशी मी हाच करार ठेवला.

चाकाचं शास्त्र सोपं आहे. सगळं चाक एकाच वेळात एक फेरी पुरी करतं, पण मधोमध उभा असलेला जागच्या जागी वळतो आणि कडेवर उभा असलेला तेवढ्याच वेळात सगळा घेर फिरून येतो. त्यामुळे मधल्याला गंमत वाटते आणि कडेवरच्याला देव आठवतो. लोक म्हणतात, फिरताना आपल्याला कुणीतरी बाहेर ढकलतं. कुणी ढकलत नाही. आपलं शरीर सरळ जायला निघालेलं असतं आणि पायाखालची फळी आत वळते, एवढंच. हे मी एका नवरीच्या काकांना ते चाकावरून पडल्यानंतर समजावून सांगितलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ते ठीक आहे, पण ढकललं व्याह्यांनीच.

वेगामुळे सहसा कुणी पडत नाही. पडतात ते चाक सुरू होताना आणि थांबताना. म्हणून रेग्युलेटर इतका हळू फिरवायचा की समोरचा खांब सरकला म्हणजे वरच्याला कळावं, अरे, निघालो. दुसरा वैरी म्हणजे उतार. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून लॉन्सना उतार ठेवलेला असतो आणि आम्हाला तर चाक ताटासारखं सपाट लागतं. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोकं दोन बाजूंना धरायची आणि दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीला येईपर्यंत चाकाच्या पायांखाली पाट्या सरकवायच्या, हे काम मी कधी दुसऱ्याला दिलं नाही. पृथ्वी सगळ्यांना सारखंच खाली ओढते, पण उतार मिळाला की ती ज्याचं वजन जास्त त्याला आधी हुडकते.

हे शेंद्र्याच्या एका लग्नात सगळ्यांना दिसलं. नवरदेव कंपनीत लागलेला, घरची शेतीही होती, आणि त्याची हौस अशी की बुलेटवरून यायचं आणि बुलेटसकट चाकावर उभं राहायचं. फळी टाकून त्यानं ती चढवली आणि अगदी कडेला स्टँडवर लावली. मी सकाळी पाणी बघून चाक सपाट केलं होतं, पण मधल्या वेळात फुलवाल्याचा टेम्पो मागे येऊन चाकाला टेकला आणि एक पाय मातीत रुतला, ते मला कुणी सांगितलं नाही. हार पडले. मी चाक सुरू केलं. अर्ध्या फेरीत बुलेट चढाच्या बाजूला आली आणि नेमकी तिथं वीज गेली. त्या हिसक्यानं माझं रबरी चाक कडेवरून सुटलं. आता चाकाला धरून ठेवणारं काहीच नव्हतं.

बुलेट निघाली. नवरा, नवरी आणि बुलेट अशी सगळी जत्रा उताराच्या बाजूला आली, तिथं न थांबता पुढे चढावर गेली, दमली, आणि उलटी फिरून परत आली. मग पुन्हा तिकडे. लॅबमध्ये मी पोरांना जो लंबक दाखवायचो तोच आडवा होऊन माझ्या डोक्यावर झोके घेत होता. लोकांना वाटलं हा नवीन प्रकार आहे. टाळ्या पडल्या. नवरी मात्र वरून बोलली, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जनरेटर लागला, रबरी चाक बसवलं, रुतलेल्या पायाखाली दगड दिला, पण बुलेट खाली उतरवायला नवरदेव तयार नव्हता. मग समोरच्या बाजूला तेवढंच वजन देणं आलं. मी रांगत बाहेर आलो आणि सूत्रसंचालकाच्या कानात म्हणालो, चार जाड माणसं बोलवा. तो अनुभवी होता. माइकवर म्हणाला, 'आता मानाचे पाहुणे चाकावर येतील.' मी बोट दाखवत गेलो आणि तो बोलवत गेला. आले ते सगळे देहानं भारी. त्यात जेवणाचा आचारीही होता, त्याला घाईघाईनं फेटा बांधला. नवरदेवाचे सख्खे मामा गोविंदराव हे नवाकोरा फेटा बांधून सगळ्यांत आधी पायरी चढले होते. पण ते अंगानं काटकुळे. मी त्यांना हातानं खाली केलं. ते पुन्हा चढले, मी पुन्हा खाली केलं. जेवायला ते आचाऱ्याकडे पाठ करून बसले. निघताना टेम्पोजवळ येऊन एवढंच म्हणाले, "आचारी फिरला अन् मामा खाली ऱ्हायला. ध्यानात ठेवीन."

त्यांनी ध्यानात ठेवलं. पुढच्याच लगीनसराईत ते पडेगावला दुकानात हजर झाले. दुसऱ्या बहिणीच्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न त्यांनी कन्नड गावातल्या एका घरात जुळवून दिलं होतं आणि चाक ठरवायला ते स्वतः आले होते. मुलाकडच्यांचा चाकासाठी फार आग्रह आहे, असं त्यांनी सांगितलं. आणि मामानं कडेवर उभं राहायचं, हे आधीच ठरवून घेतलं. मी हो म्हणालो. रफिकभाईंनी त्यांच्या नकळत त्यांच्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं आणि मान हलवली, म्हणजे एवढ्याशा वजनानं चाकाला काही होत नाही.

दोन दिवसांनी एक मुलगी स्कूटीवरून आली. हेल्मेट न काढताच तिनं विचारलं, चाक फिरवणारे काका तुम्हीच का? ती ऋतुजा. एका कंपनीत तपासणी खात्यात होती, बोलणं नेमकं. तिनं सांगितलं ते असं. तिला चक्कर यायची. नेहमी नाही, पण डोकं एकदम वळलं किंवा भोवतालचं फिरलं की पायाखालची जमीनच जायची. डॉक्टरांनी कानाचं म्हणून सांगितलं होतं. कानात पाणी भरलेल्या बारीक नळ्या असतात, त्यावर माणसाचा तोल ठरतो. आमच्या लेव्हलच्या नळीसारखंच आहे ते, फक्त हिच्या नळीतलं पाणी लवकर हिंदकळायचं. याआधी तिचं एक लग्न ठरलं होतं. साखरपुड्यात पाटावरून उठताना ती पडली. मुलाकडचे म्हणाले, मुलीला फिट येते. लग्न मोडलं आणि ती गोष्ट सगळ्या नात्यागोत्यात फिरली.

"काका, हा मुलगा मला आवडलाय," ती म्हणाली. "बाबा म्हणतात, सांगितलं तर हेही मोडेल. आणि तिकडच्यांना चाक पाहिजेच आहे. मी चाकावर पडले तर पुन्हा सगळं तेच."

मी म्हणालो, चाक नादुरुस्त झालं म्हणून मामांना सांगतो. ती म्हणाली, मामा जालन्याहून दुसरं आणतील. हे खरं होतं, मामांचा तसा निश्चय दिसत होता. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि ही गोष्ट दुकानाबाहेर जाणार नाही असा शब्द दिला. रफिकभाई इतका वेळ मागे लोखंड घासत होते. ते तोंडावरची काच वर करून म्हणाले, "दूल्हा-दुल्हन कू नक्को फिराओ. बारात कू फिराओ."

मला ते लगेच पटलं. चाकाचे दोन भाग करायचे. मधली गोल थाळी पक्क्या पायांवर, स्थिर. तिच्याभोवती रुंद कडं, ते फिरतं. नवरा-नवरी थाळीवर उभे, नातेवाईक आणि फुलं कड्यावर. धूर आणि ठिणग्या सुटल्या की आत काय फिरतंय आणि बाहेर काय, हे कुणाच्या बापाला कळणार नाही. रफिकभाईंनी ते कडं फार सुरेख बनवलं. मी ऋतुजाला बोलावून थाळीवर उभं केलं आणि कडं सुरू केलं. अर्ध्या फेरीत तिनं डोळे मिटून खाली बसकण मारली.

तेव्हा मला माझंच शिक्षण आठवलं. एसटी स्टँडवर आपण बसमध्ये बसलेलो असतो, शेजारची बस हलते आणि वाटतं आपलीच निघाली. तसंच हे. पाय स्थिर असले तरी डोळे सांगतात, फिरतोयस. यावर उपाय एकच. आपल्याबरोबर स्थिर असलेल्या, जवळच्या वस्तूवर नजर ठेवायची आणि बाकीचं जग फिरू द्यायचं. पण थाळीवर स्थिर वस्तू कुठली? एकच, नवरदेव. म्हणून रफिकभाईंना नवरदेवाच्या जागी उभं केलं आणि ऋतुजाला सांगितलं, यांच्या दाढीवरून नजर काढायची नाही. कडं चालू केलं. एक फेरी झाली, दोन झाल्या, ती ताठ उभी. रफिकभाईंना मात्र कुणी इतकं एकटक बघण्याची सवय नव्हती, ते घामाघूम झाले.

हे जमलं म्हणून आम्ही खुशीत होतो, तोच लग्नाच्या आदल्या आठवड्यात कन्नडहून एक बाई जीपनं आल्या. गुलमंडीला बस्त्याचं राहिलेलं घ्यायला म्हणून निघाल्या होत्या आणि वाट वाकडी करून दुकानात आल्या. नवरदेवाची, अमोलची, आई. नाव सिंधूबाई. बसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "भाऊ, मुलीकडच्यांची लई हौस हाय चाकाची, म्हणून आम्ही व्हय म्हणलं. पर माझ्या लेकाला घाट लागतो. चाळीसगावला मामाकडं जायचं म्हणलं की पिशवी हातात धरावी लागती. तुम्ही ते जरा हळू फिरवा. अन् कुणाला बोलू नका, जल्माचं नाव पडंल."

खोटं कशाला बोलू, 'अहो, तिकडंही तेच आहे' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. पण ऋतुजालाही मी शब्द दिला होता. आमच्या धंद्यात खाली ऐकलेलं वर न्यायचं नसतं, नाहीतर निम्मी लग्नं जेवणाआधीच मोडतील. मी सिंधूबाईंना सांगितलं की मुलाला म्हणावं नवरीच्या कुंकवावर नजर ठेव, इकडंतिकडं बघू नको, काही होणार नाही. त्यांना काळजी पडली, लोक म्हणतील टक लावून बघतोय. मी म्हणालो, लोक म्हणतील माया आहे.

त्या गेल्या आणि मी गोविंदमामांना फोन लावला. चाकाची हौस नक्की कुणाची, असं सरळ विचारलं. पलीकडे मामा दोनदा खाकरले. मग म्हणाले, "त्यांची हाय असं म्या इकडं सांगितलं, अन् इकडची हाय असं तिकडं. एकानं जरी नाय म्हणलं असतं तर म्या गप बसलो असतो. पर कुणी नाय म्हणलंच नाय." मी फोन ठेवला.

लग्न पडेगावच्याच एका लॉन्सवर, दुपारच्या मुहूर्तावर. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, हार पडले. मी कुशीवर होतोच. कड्यावर दोन्हीकडचे मानकरी उभे केले होते, मी आधीच सगळ्यांचा अंदाज घेऊन जाडाच्या समोर जाड आणि बारीकच्या समोर बारीक लावून दिला होता. गोविंदमामा अगदी पुढे, हात जोडून. रेग्युलेटर हळूहळू वळवला. कडं निघालं.

दृश्य फार उत्तम जमलं असं नंतर व्हिडिओत दिसलं. मामा प्रत्येक फेरीला सगळ्या मांडवाला नमस्कार करत होते. कड्यावरच्या मंडळींना वाटत होतं की नवरा-नवरीच फिरतायत आणि आपण उभे आहोत. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं, कोण फिरतंय हे कुठं उभं राहून बघता त्यावर असतं. फक्त फोटोग्राफर वाकून मला म्हणाला की काका, नवरीचा चेहरा समोर येईना. मी त्याला म्हणालो, तू कड्यावर चढ, येईल. तो चढला आणि त्याची तक्रार मिटली.

आणि ते दोघं. ऋतुजाची नजर त्याच्या नाकावर, त्याची तिच्या कुंकवावर. पापणी लवेना. झालरीजवळ बसलेल्या बायकांचं बोलणं मला ऐकू येत होतं. एक म्हणाली, बघा बाई, एवढ्या माणसांत डोळा हलत नाही एकमेकांवरून. दुसरी म्हणाली, आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत एवढं बघितलं नाही. तिसरीच्या मते हे जुळवलेलं नव्हतंच, आधीपासूनचं होतं. ऋतुजाचे वडील मात्र कड्याला लागून उभे होते. त्यांच्या चपला मला दिसत होत्या. ते पाऊलभर इकडे, पाऊलभर तिकडे करत होते, मुलगी कुठल्याही बाजूला पडली तर झेलता येईल म्हणून. एवढं लेकरू शहाणं, कमावतं, आणि बापाला धास्ती कशाची, तर कानातल्या थेंबभर पाण्याची.

शेवटची फेरी चालली होती. आता थांबवायचं, म्हणून मी रेग्युलेटरला हात घातला आणि नेमकं तेव्हा गोविंदमामांना भाचीला जवळून आशीर्वाद द्यावासा वाटला. त्यांनी फिरत्या कड्यावरून स्थिर थाळीवर पाय टाकला. फिरत्यावरून स्थिरावर पाय टाकला की पाय थांबतो आणि माणूस चालतच राहतो. मामा अक्षतांसकट सरळ त्या दोघांच्या मधे जाऊन आडवे झाले. नजर तुटली. दोघांनीही वर पाहिलं, तर भोवती आत्या, काका, फुलं, धूर, सगळं फिरतंय.

मला खाली चार पावलं कळली. दोन डावीकडे गेली, दोन उजवीकडे, मग सगळी एकदम आत आली. मी कडं थांबवलं. डोक्यावर फळी धडधडली, म्हणजे दोघंही बसले.

"मला धर जरा," अमोलचा आवाज आला. "गरगरतंय."

"मलाच धरायला कुणीतरी पाहिजे," ऋतुजा म्हणाली. मग सावरून, "तुम्हालाही होतं?"

"घाटात होतं. आईनं सांगू नको म्हणलं होतं."

डीजे थांबला. ऋतुजाचे वडील घाईघाईनं म्हणायला लागले की सकाळपासून तिचा उपवास आहे, काही खाल्लं नाही. त्याच दमात पलीकडून सिंधूबाई सांगत होत्या की पोराला ऊन लागलं. कुणीतरी मागे कुजबुजलं की हीच ती, साखरपुड्याची. ते मला ऐकू आलं म्हणजे तिलाही आलं असणार. मी रेग्युलेटर घट्ट धरून पडलो होतो. खाली पडलेल्या माणसाला करता येण्यासारखं काही नव्हतं.

"बाबा, उपवास नाही," ऋतुजा म्हणाली. आवाज मोठा आणि स्वच्छ होता. "मला चक्कर येते. कानाचं आहे. साखरपुड्यात पडले ती मीच. ज्यांना काही बोलायचंय त्यांनी आत्ताच बोलावं."

मग जोडव्यांचा आवाज आला. सिंधूबाई कड्यावर चढल्या, कडं ओलांडलं, मामांच्या अंगावरून पाय न टाकता वळसा घालून गेल्या आणि मुलीजवळ बसल्या. कमरेच्या पिशवीची चेन उघडल्याचं मी ऐकलं.

"आगं, मग आधी सांगायचं की," त्या म्हणाल्या. "म्या एकाच्याच पुरती आवळा सुपारी आणली. आता अर्धी अर्धी घ्या. अन् चावा, गिळू नका."

आधी अमोल हसला, मग ऋतुजा, आणि मग माझ्या डोक्यावरची सगळी फळी हसण्यानं हलायला लागली. गोविंदमामा उठून बसले होते, त्यांनी झालर वर करून मला विचारलं की त्यांची फेरी अर्धीच झाली, ती पुरी होईल का. मी मोटार जळाली म्हणून सांगितलं. मोटारीला काही झालं नव्हतं.

ऋतुजाच्या वडिलांच्या चपला अजून तिथंच होत्या, पण आता हलत नव्हत्या. माणूस रडतोय का हसतोय, हे पायांवरून कळत नाही. आता कुणी पुन्हा फिरवायला लावू नये म्हणून मी चाकाची वायर काढून घेतली.